बत्तिसाव्या वर्षी एमसीए

दत्ताभाऊंचा फोन आला तेव्हा मी पतसंस्थेत काउंटरवर बसले होते. सकाळची गर्दी ओसरत आली होती, समोर एक आजोबा पासबुक पुढं सरकवून उभे होते. फोनवर आधी नुसता दवाखान्याचा आवाज ऐकू आला. स्ट्रेचरची चाकं, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय... मग दत्ताभाऊ म्हणाले, "शोभाताई, सरू गेली." मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "आता काय करू ओ मी?" एखादा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हे विचारावं तसा त्यांचा सूर होता, आणि मला ते नक्की माहीत असणार असा त्यात विश्वास होता. मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "थांबा, येते मी." आजोबांचं पासबुक तसंच त्यांच्या हातात परत दिलं आणि निघाले.

वडवणीहून बीड काही लांब नाही. पण त्या दिवशी गाडी लवकर लागेना आणि मी स्टँडवर उभी राहून सारखी रस्त्याकडं बघत होते. घाई कशाची होती हे मला सांगता आलं नसतं. मी पोचून काही बदलणार नव्हतं, तरी घाई होती. दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर दत्ताभाऊ बसलेले होते. मांडीवर सरोजच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, चपला, कॅरीबॅगमध्ये घातलेल्या. नर्सनं त्या त्यांच्याकडं दिल्या होत्या. उभा जन्म टँकरच्या स्टिअरिंगवर हात ठेवून काढलेला माणूस, त्याच्या हातांना त्या दिवशी धरायला एवढंच होतं. डायलिसिस चालू असतानाच बीपी खाली गेलं ते वर आलं नाही, एवढं डॉक्टर सांगून गेले. सरोज तेव्हा जेमतेम चाळिशीला आली होती. पोटची पोर, गौरी, त्या वेळी शाळेत होती आणि तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

सरोजची नि माझी ओळख दूध संघाच्या शीतकरण केंद्रातली. गावोगावच्या सोसायट्यांचं दूध कॅनमधून तिथं यायचं, तपासून, थंड करून टँकरनं पुढं जायचं. मी पावत्या करायची, सरोज प्रयोगशाळेत असायची. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक ओटा आणि दुधातली फॅट मोजायचं गरगर फिरणारं यंत्र. त्या कामाला ॲसिड लागतं. त्याचे थेंब उडून तिच्या सगळ्या ओढण्यांना बारीक भोकं पडलेली होती. केंद्रात बी.एस्सी. झालेली ती एकटीच. आईवडील दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला कारखान्यावर जायचे, ही आजीपाशी गावात राहून शिकली. "आईनं मला कोयत्याला हात लावू दिला न्हाई," असं ती सांगायची तेव्हा त्यात अभिमानही असायचा आणि थोडी अपराधी भावनाही, कारण धाकट्या भावाला, गणेशला, तो कोयता सुटला नव्हता. दत्ताभाऊ संघाचाच टँकर चालवायचे. केंद्रातल्या एका वडीलधाऱ्या माणसानं दोघांचं जमवलं. सरोजची आठवण म्हणजे मला पहिल्यांदा तिचं भांडणच आठवतं. कुठल्यातरी सोसायटीचा सेक्रेटरी समोर उभा आणि ही लॅक्टोमीटर त्याच्या नाकापुढं धरून म्हणते, "पाणी हाय ह्याच्यात." तो म्हणतो, "ताई, म्हस लई पाणी पेली असंल." आणि सगळं केंद्र हसतंय, ती सोडून.

एका वर्षी संघानं संगणक आणला. कॅन काट्यावर ठेवला की वजन, फॅट, सोसायटीचं नाव सगळं आपोआप पडद्यावर येणार आणि पावती छापून बाहेर पडणार. ते बसवून द्यायला पुण्याहून एक मुलगी आली होती. आमच्याच वयाची असेल. जीन्स घातलेली, केस बांधलेले, दिवसभर जमिनीवर मांडी घालून तारा जोडत बसायची. दुपारी आम्ही डबे उघडले तेव्हा तिलाही बोलावलं. सरोजनं तिला भाकरी वाढली आणि विचारलं, "तुमी पैल्यापासून हेच शिकल्या का?" ती म्हणाली, "नाही हो, मी बॉटनीत बी.एस्सी. केलं. मग एमसीए." "बॉटनी म्हंजी झाडं?" "झाडंच." "मग झाडावरून ह्याच्यावर कशा आल्या?" ती मुलगी हसली आणि म्हणाली, "प्रवेश परीक्षा दिली, तीन वर्षं शिकले, आले." ती तर तेवढं सांगून ठेचा मागायला लागली. पण सरोजचा घास हातातच राहिला होता. एकदा घेतलेलं शिक्षण म्हणजे अंगावरची कातडी, ती काय बदलता येते का, असं आम्ही सगळ्याच समजत होतो. पुढं तो संगणक अडकला की पुण्याहून माणूस येईपर्यंत सगळे हात बांधून बसायचे. सरोज मात्र त्या पडद्यापुढं उभी राहायची. एकदा म्हणाली, "शोभे, हे बी कुण्या माणसानंच लिवलेलं असंल ना? मग आपल्याला कावून वाचता येत न्हाई?"

त्यानंतरच्या दुष्काळाचं वर्णन मी करत नाही. आमच्याकडच्या माणसाला त्याची गरज नाही. जनावरं छावणीवर गेली, कुणाची बाजारात गेली. केंद्रात कॅन कमी होत गेले. आधी ओट्यावर रांग मावायची नाही, मग रांगच लागेना, मग मोजके कॅन यायचे आणि तेही अर्धे. सरोज न वापरलेल्या बाटल्या रोज धुऊन उपड्या घालून ठेवायची. मी म्हणायची, "अगं, वापरल्याच नाहीत त्या," तर म्हणायची, "मग दुसरं काय करू?" शेवटी एके दिवशी चेअरमनसाहेब आले, आम्हाला अंगणात उभं केलं आणि म्हणाले, "तात्पुरतं बंद ठेवतोय. पाऊस झाला की पैली गाडी आपलीच." फाटकावर तशी पाटीही लागली, तात्पुरतं बंद. पुढच्या वर्षी पाऊस झाला. गेलेली जनावरं काही परत आली नाहीत. संघाची स्वतःची जुनी दुखणीही होतीच, निवडणुका, भांडणं, कोर्ट. कुलूप तसंच राहिलं. कुणावर रागवावं हेसुद्धा आम्हाला ठरवता आलं नाही. पावसावर रागावून उपयोग नव्हता आणि चेअरमनसाहेबांपर्यंत आमचा राग पोचत नव्हता. मला पतसंस्थेत काम मिळालं. दत्ताभाऊ दुधाचा टँकर सोडून पाण्याच्या टँकरवर लागले. वाड्यावस्त्यांवर पाणी टाकत फिरायचे. सरोज घरी बसली.

फार दिवस नाही बसली. एका दुपारी माझ्याकडं आली ती एमसीएच्या प्रवेश परीक्षेचं जाड पुस्तक घेऊनच. बी.एस्सी.ला गणित होतं, त्यामुळं तिला परीक्षा देता येत होती. बारा वर्षांपूर्वीचं ते गणित तिनं भांडी घासता घासता परत पाठ केलं. तिच्या सासूबाईंना, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, हे काही पटेना. "आता कावून शिकायचं गं? पोरगी शाळंत जाती तुजी. तिला शिकीव की." बोलले ते दत्ताभाऊच, तेही पायातले बूट काढता काढता. "शिकू दे आई. मी पाणी वाहतोय तवर तरी शिकू दे. टँकर काय जन्मभर लागणार न्हाईत." मला ते वाक्य आजही आठवतं, कारण आमच्याकडं टँकर जन्मभर लागणार नाहीत असं त्या काळात म्हणणारा दुसरा कुणी मी पाहिला नव्हता. सरोजला बीडच्याच एका कॉलेजात प्रवेश मिळाला. तेव्हा तिला बत्तिसावं लागलेलं होतं.

पहिल्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर वॉचमननं तिला अडवलं. "पालकांना आत सोडायचं न्हाई, बाई. पोरगं कोणत्या वर्षाला हाय?" ती म्हणाली, "मीच हाय, पैल्या वर्षाला." हा किस्सा तिनं मला इतक्या वेळा सांगितला, आणि दर वेळी वॉचमनचं तोंड असं करून दाखवायची की हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. वर्गातली पोरं तिला आधी काकू म्हणायची, मग ताई म्हणायला लागली. ती सगळी कंप्युटर घेऊनच वाढलेली, त्यांची बोटं न बघता चालायची. ही एकेक अक्षर शोधून दाबायची. इंग्रजी वाचून कळायचं, पण वर्गात कुणी प्रश्न विचारला की उत्तर तोंडात मराठीत तयार व्हायचं आणि तिथंच अडायचं. रोज वडवणी-बीड एसटी. घरी कंप्युटर नव्हता, म्हणून गाडीत बसून प्रोग्राम कागदावर लिहायची आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन तो चालतो का बघायची. बहुतेक वेळा चालायचा नाही. "एक अर्धविराम राह्यला, शोभे. अख्खा प्रोग्राम त्यानं उभा राह्यना. माणसं एवढ्या चुका करतेत तरी चालतेतच की," असं एकदा म्हणाली.

पहिल्याच सहामाहीत ती एका विषयात नापास झाली. आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवशी घरी न जाता स्टँडवरून थेट माझ्याकडं आली, चहा घेतला नाही, नुसती बसून राहिली. म्हणाली, "मला कळतं गं. पण पोरांना जेवढ्या लवकर कळतंय तेवढ्या लवकर न्हाई कळत. सर पुढं जातेत आणि मी तिथंच उभी." मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हणाले, "सोडून दे मग." ती म्हणाली, "सोडून कुठं जाऊ?" खरंच, कुठं जाणार होती... तो विषय तिनं पुन्हा दिला आणि काढला. मग त्याच विषयात मागं राहिलेल्या पोरींना ती शिकवायला लागली. स्वतःला उशिरा कळल्यामुळं दुसऱ्याचं कुठं अडतंय हे तिला बरोबर दिसायचं.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा असतो. बाकीच्यांनी हॉटेलचं बुकिंग, लायब्ररी, असलं काही घेतलं. सरोजनं दूध संकलनाची संगणक प्रणाली केली. गावांच्या सोसायट्या, कॅन, फॅट, पावत्या, सगळं आमच्या केंद्रासारखं. सोसायट्यांची नावंही खरी घातलेली. मला तिनं एकदा लॅबमध्ये नेऊन दाखवलं. पडद्यावर एका सोसायटीचं सकाळचं दूध आलं, तपासून झालं, पावती निघाली. त्या सोसायटीच्या गावात तेव्हा दूध घालण्याइतकी जनावरं उरलेली नव्हती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे सध्या कुठं वापरात आहे?" सरोज म्हणाली, "कुठंच न्हाई सर. आमची डेअरी बंद हाय." "मग हेच का निवडलंत?" "मला एवढंच एक काम आतून माहीत होतं सर." परीक्षकांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं चालवून दाखवायला सांगितलं. पहिल्या वर्गात पास झाली ती. गौरीनं आईची गुणपत्रिका शाळेत नेऊन मैत्रिणींना दाखवली.

यानंतर सगळं सोपं व्हायला हवं होतं. झालं नाही. कंपन्यांना नवीन माणसं हवी असायची, पण नवीन म्हणजे बावीस वर्षांची. पस्तिशीची नवीन बाई कुठल्या रकान्यात बसवायची हे त्यांना कळत नसावं. पुण्याला मुलाखतीला जायची, पहाटेची गाडी धरून जायची आणि त्याच दिवशी परत यायची. एका ठिकाणी समोरच्या मुलानं विचारलं, "मधल्या इतक्या वर्षांच्या गॅपमध्ये तुम्ही काय करत होता?" "नोकरी." "आयटीतली?" "दुधातली." तो हसला, ही पण हसली, आणि नोकरी मिळाली नाही. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. माई काही बोलायच्या नाहीत, पण गल्लीतल्या बायका विचारायच्या, "झालं का गं तुज्या सुनंचं शिक्षण?" आणि माई म्हणायच्या, "व्हय, झालं," आणि विषय बदलायच्या. शेवटी पुण्यातल्याच एका लहानशा कंपनीनं तिला घेतलं. दुकानांसाठी प्रोग्राम बनवणारी कंपनी. तिचं काम होतं दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचं. मला फोन करून म्हणाली, "शोभे, ते पुन्हा दुधातलं पाणीच काढायचं आलं बघ." आणि मग हळूच, एखाद्या लहान पोरीसारखं, "माजी खुर्ची फिरती हाय."

पुण्यात ती बायकांच्या वसतिगृहात राहायची, शनिवारी-रविवारी गावी यायची. त्या काळातली सरोज मला डोळ्यांसमोर आणायला आवडते. ओढणीला भोकं नसलेली. जिथून आलो ते न लपवणारी. तिच्या वरच्या मॅडम वयानं तिच्याहून लहान होत्या, पण हिचं डोकं कसं चालतं ते त्यांनी लवकर ओळखलं. दिवाळीला आली तेव्हा पाय सुजलेले होते. म्हणाली, "बसून बसून सुजलेत, एवढं बसायची सवय कुठं होती आपल्याला." फराळ खाववेना, तोंडाला चव नव्हती. दत्ताभाऊंनी जबरदस्तीनं बीडला नेलं. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, औरंगाबादला पाठवलं. तिथले डॉक्टर शांतपणे म्हणाले की दोन्ही किडन्या जवळपास गेलेल्या आहेत आणि हे आजचं नाही, बरेच दिवसांचं आहे. कशानं झालं असं विचारलं तर म्हणाले, बऱ्याचदा कारण सापडत नाही. सरोज सरळ बसून ऐकत होती. ज्या बाईनं उभी हयात तपासण्याच केल्या तिला स्वतःच्या शरीरात काय चाललंय हे शेवटापर्यंत कळलं नव्हतं. तिचं मात्र काही चुकलं नव्हतं. तसं कुणाचंच काही चुकलं नव्हतं, हेच सहन होत नव्हतं.

मग किडनी कोण देणार ते सुरू झालं. दत्ताभाऊ त्याच दिवशी बाह्या सरसावून तपासणीला बसले. त्यांचा रक्तगट जुळला नाही. वडील नव्हते, सरोजच्या आईला गावाहून आणलं. म्हातारी डॉक्टरांपुढं हात जोडून म्हणाली, "माज्या दोन्ही घ्या, साहेब. मला काय करायच्यात?" तिला साखरेचा आजार निघाला, डॉक्टर नाही म्हणाले. ती त्या बोळातच खाली बसली आणि कितीतरी वेळ उठेना. राहिला गणेश. त्याचा रक्तगट जुळला, पहिल्या तपासण्याही चांगल्या आल्या. आम्हाला वाटलं, सुटलो.

गेवराईकडं त्याची वस्ती आहे. सगळं ठरवायला म्हणून सरोज, दत्ताभाऊ आणि मी तिकडं गेलो. गणेश आणि त्याची बायको लता दोघं मिळून ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या अशा जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. दोघांतलं एक थांबलं की कोयता मोडला. लतानं चहा दिला, कप ठेवले आणि एकदम सरोजचे पाय धरले. "ताई, तुमच्या पाया पडते. हे गाडी भरतेत. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढतेत. एका किडनीवर जमंल का ते? मला तेवढंच सांगा, मी न्हाई म्हनत न्हाई." गणेश ओरडला, "तू गप गं! माजी बहीण हाय. मला इचारा की, तिला कावून इचारता?" लतानं पाय मात्र सोडले नाहीत. सरोजनं तिला उठवून शेजारी बसवलं आणि भावाला म्हणाली, "गण्या, डॉक्टरनं सांगितलंय, पुढं जड उचलायचं न्हाई. तू जड उचलायचं सोडून काय करणार?" गणेश म्हणाला, "तू बदललीस की तुजं काम. मी बी बदलीन." सरोज अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तीन वर्षं लागतेत रे त्याला. आन त्याच्या आधी पंधरा." तो सातवीत शाळा सोडून उसाला गेला होता, बहीण आजीपाशी शिकत राहावी म्हणून घरात कमावणारा एक हात वाढावा, असा तो हिशेब होता. त्याला ते आठवलं की नाही मला माहीत नाही. सरोजला आठवलं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. येताना गाडीत दत्ताभाऊ एकच म्हणाले, "तो देत होता, सरू." ती म्हणाली, "म्हनून तर नको." मी मधे बसले होते. कुणाच्या बाजूनं बोलावं? लता खोटं काही बोलली नव्हती. गणेश मनापासून देत होता. दत्ताभाऊंना बायको हवी होती.

औरंगाबादला प्रतीक्षायादीत नाव घातलं. फोन वाजला की घरात सगळे एकमेकांकडं बघायचे. कंपनीतल्या मॅडमनी तिला वडवणीहून काम करायची मुभा दिली, लॅपटॉप पाठवला. आतल्या खोलीत खिडकीपाशी टेबल लावून ती बसायची. आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस. ज्या एसटीनं ती शिकायला जायची त्याच एसटीनं. डायलिसिसच्या सुया एका हाताला असायच्या, तर तिकडं ती दुसऱ्या हातानं मोबाइलवर कामाचे निरोप वाचायची. नर्स रागवायच्या. मीही रागावले एकदा, "पुरे की आता, कशासाठी एवढं?" ती म्हणाली, "शोभे, हे कुठं मला मिळून दिवस झालेत..." वजन उतरत गेलं, रंग काळवंडला, पाणी मोजून प्यायचं म्हणून ओठ सदा कोरडे. दुष्काळात टँकरची वाट बघितलेल्या बाईला घरात नळाला पाणी असताना घोट मोजून प्यावे लागत होते. तिनं शोधलेल्या चुकांबद्दल कंपनीनं तिचं कौतुक केलेली चिठ्ठी मॅडमनी पाठवली होती, ती तिनं आम्हाला वाचून दाखवली आणि नंतर मराठीत समजावून सांगितली, माईंना कळेल अशी. माई म्हणाल्या, "म्हंजी तू लोकाच्या चुका काढती आन लोक वर तुला चांगलं म्हनतेत?" त्या दिवशी सरोज पोटभर हसली. तसं हसू मला नंतर दिसलं नाही. तो फोन औरंगाबादहून कधी आलाच नाही. आला तो दत्ताभाऊंचा.

आता काही आठवडे झाले. परवा दत्ताभाऊंनी मला सकाळी घरी बोलावून घेतलं, कारण कंपनीकडून लॅपटॉप न्यायला माणूस येणार होता आणि त्यांना आलेला निरोप इंग्रजीत होता. मॅडमनी आधी स्वतः फोन केला होता म्हणे. रडल्या, आणि मग म्हणाल्या की नियमच आहे, त्यांचाही नाइलाज आहे. दत्ताभाऊंनी लॅपटॉप फडक्यानं पुसून, वायर गुंडाळून ओसरीवर आणून ठेवला होता. तो उघडायचा कसा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यात तिचं काय काय होतं कोण जाणे. कुरिअरचा माणूस आला, चार्जर आहे का विचारलं, खोक्यात घातलं, चिकटपट्टी लावली, सही घेतली आणि मोटरसायकलवर मागं बांधून घेऊन गेला. दत्ताभाऊ रस्त्यापर्यंत त्याच्यामागं गेले आणि परत आले.

आम्ही दोघं ओसरीवर बसलो. स्वयंपाकघरात माईंनी शेंगदाणे, लसूण, मिरच्या मिक्सरच्या भांड्यात घातलेल्या मला दिसत होत्या. झाकण लावलं, बटणावर हात ठेवला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून हात मागं घेतला. मग भांडं तसंच ठेवून त्या आमच्यापाशी येऊन बसल्या. मला आधी कळलं नाही. मग आठवलं. रोज सकाळी या वेळेला सरोजची कंपनीतल्या लोकांशी मीटिंग असायची. आतल्या खोलीची भिंत पातळ, इकडं भांडं पडलं तरी तिकडं पुण्यात ऐकू जायचं. तेवढा वेळ माई मिक्सर लावायच्या नाहीत, गौरी पाय न वाजवता फिरायची, दत्ताभाऊ टँकर लांब रस्त्यावरच उभा करून चालत घरी यायचे. आतून सरोजचं इंग्रजी ऐकू यायचं, थांबत थांबत बोललेलं, पण बोललेलं.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दत्ताभाऊ माझ्याशी गौरीच्या शाळेबद्दल बोलत होते, दबक्या आवाजात, आणि मीही तशाच आवाजात उत्तरं देत होते. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. बऱ्याच वेळानं माईंनी पुन्हा एकदा घड्याळाकडं पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "झाली असंल आता," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि आत गेल्या. मग मिक्सरचा आवाज आला.